वागळे इस्टेट ते पेण, व्हाया भिवंडी आणि तुर्भे मार्केट : इलेक्ट्रिक टेम्पोतला आठवडा

आमच्या मामांकडे दोन गाड्या आहेत, एक जुनी डिझेलची आणि एक इलेक्ट्रिक, एक टनवाली. लोक दोन्हींना छोटा हत्तीच म्हणतात. डिझेलची आता विकायला काढलीय आणि तिच्या जागी परत इलेक्ट्रिकच घ्यायची का यावर घरात रोज चर्चा. मामी म्हणते घेऊन टाका, मामा म्हणतात बघू. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्याचा हिशेब मी बघतो, लाईट बिल आणि डिझेलच्या पावत्या दोन्ही माझ्याच हातात येतात, त्यामुळे कागदावर मला सगळं चांगलंच दिसतं, पण गाडी चालवायचीय मामांना. म्हणून श्रावणात भाडी जोरात असतात तेव्हाच आठवडाभर त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचं ठरवलं. युट्युबवर रेंजचे जे व्हिडिओ आहेत ते बहुतेक कारचे, नाहीतर रिकाम्या टेम्पोचे. हौद्यात नऊशे किलो माल टाकून भिवंडीच्या खड्ड्यातून गाडी काढणाऱ्याने काय करायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सोमवार : वागळे, रबाळे, महापे

रात्री गाळ्यात १५ अँपच्या पॉइंटवर लावलेली गाडी सकाळी १०० टक्के. बॅटरी साधारण २१ युनिटची, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची. (किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाईट बिलावरचं युनिटच, मामांना हे सांगितल्यापासून ते टक्क्यांपेक्षा युनिटमध्येच बोलतात, आणि ते बरोबरही आहे.) कंपनीच्या पत्रकात रेंज १६० च्या आसपास छापलीय. हा आकडा खोटा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगाच्या सायकलवर चालवतात आणि त्यातून तो येतो. फक्त त्या रोलरवर माजिवड्याचा सिग्नल नसतो आणि हौद्यात कोणी केबिनच्या वर तीन फूट खोकी रचलेली नसतात. मामांचा अनुभव, रिकामी असेल तर १३०-१३५, भरलेली असेल तर ११० धरून चालायचं आणि त्यातही शेवटचे वीस टक्के हिशेबात घ्यायचेच नाहीत.

माल होता छापील कार्टनचा, वजनाला हलका पण उंच. तीन हात नाक्यावरून हायवेला लागून मुलुंडकडून ऐरोली ब्रिजवर आलो. ब्रिज मोकळा होता तरी मामा चाळीसच्या वर जाईनात. मी म्हटलं मामा, जरा दाबा की. तर म्हणाले, "दाबतो, तू त्या काट्याकडे बघ." पन्नास-पंचावन्नला नेली तशी पॉवरची पट्टी जवळजवळ दीडपट वर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलेलो, पण ते असं डोळ्यासमोर काट्यावर बघायला मिळालं त्याची मजा वेगळी. उंच माल असेल तर हा विरोध आणखी वाढतो, म्हणून मामा ताडपत्री एकदम ताणून बांधतात, फडफडणारी ताडपत्री म्हणजे रेंज गेली असं त्यांचं म्हणणं.

अजून एक गोष्ट. बॅटरी पूर्ण भरलेली असताना पाय उचलला की गाडी नेहमीसारखी ओढून धरत नाही. रिजन म्हणजे पाय उचलला किंवा ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज परत टाकते, पण बॅटरीत जागाच नसेल तर टाकणार कुठे. त्यामुळे सकाळचे पहिले काही किलोमीटर ब्रेकवरच भिस्त. नव्या ड्रायव्हरला हे सांगितलं पाहिजे.

रबाळ्यात कंपनीच्या गेटवर दीड तास. आधी गेट पास, मग सुपरवायझर जेवायला, मग हमाल दुसऱ्या गाडीवर. मामांचा श्रावणी सोमवारचा उपास, मामीने दिलेली साबुदाण्याची खिचडी आम्ही दोघांनी केबिनमध्येच खाल्ली. पुढे महाप्याला परत तेवढंच थांबणं. संध्याकाळी वागळेला आलो तेव्हा ७० किलोमीटर झालेले आणि बॅटरी ४४ टक्के. वहीत किलोमीटर आणि टक्के लिहिले आणि सहज खाली थांबलेला वेळ पण लिहिला. आठवड्याच्या शेवटी तो तिसरा रकानाच जास्त कामाचा ठरला.

मंगळवार : भिवंडी आणि घोडबंदर

माजिवड्यावरून कशेळीमार्गे भिवंडीच्या गोडाऊन पट्ट्यात. राहनाळ, पूर्णा, माणकोली, इकडे कोणत्याही गल्लीत शिरा, देशभराचा माल पडलेला असतो. आम्हाला टाइल्सच्या पेट्या भरून घोडबंदरला द्यायच्या होत्या. टाइल्स म्हणजे हौद्यात माल अर्धाच दिसतो पण वजन पूर्ण. मामांनी आधी चारही टायरची हवा बघितली. भरलेल्या गाडीत हवा कमी असेल तर टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि बॅटरी तिथेच खर्च होते, इंजिनाच्या गाडीत हे लक्षात येत नाही कारण डिझेलचा काटा तेवढा बारीक दाखवत नाही.

गोडाऊनला नंबर लागायला तीन तास लागले. मी आत चक्कर मारली तर कोपऱ्यात त्यांचा बॅटरीवरचा फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावलेला, शेजारी दोन स्टॅकर, भिंतीवर ओळीने मोठे सॉकेट, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). म्हणजे आत माल उचलणाऱ्या गाडीला वीज आहे आणि तोच माल शटरपासून पुढे नेणाऱ्या गाडीला नाही! मामांनी सुपरवायझरला विचारलं, "दादा, तीन तास उभंच राहायचंय तर एक वायर देता का, युनिटचे पैसे देतो." तो म्हणाला माझ्या हातात नाही, बिल मालकाच्या नावावर. त्याचंही बरोबर आहे, सबमीटर नसेल तर पैसे कुणी कुणाला कसे द्यायचे. पण तीन तासात आमच्या गाडीत आठ-नऊ युनिट गेले असते, म्हणजे भरलेल्या गाडीचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ते तसेच वाया गेले याची मला दिवसभर रुखरुख लागून राहिली.

दुपारी कापूरबावडीला यायचं आणि घोडबंदरला वळायचं म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको. मेट्रोचं काम, सर्व्हिस रोड, त्यात पाऊस, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत मुंगीच्या पावलाने. मला वाटलं आता टक्के धडाधड उतरणार. उतरले नाहीत. गाडी उभी असताना मोटर वीज घेतच नाही, वायपर, लाईट आणि केबिनचा छोटा पंखा एवढाच खर्च, एसी तर या गाडीला नाहीच. पाऊण तासात एक टक्का गेला असेल. डिझेलची गाडी याच ट्रॅफिकमध्ये इंजिन घरघरवत उभी राहते आणि क्लच दाबून दाबून मामांचा डावा गुडघा सुजतो, तो भाग वेगळाच. रेंज खाणाऱ्या गोष्टी म्हणजे वेग, वजन आणि चढ, ट्रॅफिक फक्त आपला वेळ खातं.

४८ किलोमीटरला ३९ टक्के खर्च. वजनाच्या मानाने उत्तमच.

बुधवार : तुर्भे मार्केट, खारघर, कळंबोली, पनवेल

हा दिवस जरा सविस्तर सांगतो कारण याच दिवशी बाहेर चार्जिंग करावं लागलं.

पहाटे चारला निघालो. नारळी पौर्णिमा तोंडावर होती, त्यामुळे तुर्भ्याला नारळाची पोती भरून खारघर आणि कळंबोलीच्या दुकानांना द्यायची. मार्केट पहाटे जागंच असतं, माथाडी डोक्यावर पोती घेऊन पळत असतात, कोणाला बोलायला वेळ नाही. आम्हाला भरून निघायला उजाडलं. एका माथाडी कामगाराने हौद्यावर थाप मारून विचारलं, "चढावर ओढते का हो ही?" मामा म्हणाले, "चढावर तर जास्त ओढते." खरंय ते. मोटरचा पूर्ण जोर शून्य वेगापासून मिळतो, भरलेली गाडी फ्लायओव्हरच्या चढावर थांबली तरी क्लच जाळायची भीती नाही. चढाचा खर्च मात्र होतोच, मालासकट दोन टनाची गाडी १०० मीटर वर न्यायची तर अर्ध्या युनिटच्या थोडं वरच जातं, त्यातलं उतारावर काही परत येतं, सगळं येत नाही.

कळंबोलीचं अनलोडिंग चालू असतानाच मार्केटमधून फोन, अजून एक फेरा आहे, पनवेलला टाकायचाय, भाडं चांगलं. डिझेल असतं तर मामा एका सेकंदात हो म्हणाले असते. इथे आधी हिशेब केला, परत तुर्भे, तिथून पनवेल, मग वागळे, सगळं मिळून सव्वाशेच्या पुढे. घरी पोचायला मध्ये कुठेतरी चार्ज करणं आलं. हो म्हणाले, आणि मला म्हणाले तू शोध चार्जर.

पनवेलला माल उतरवून झाला तेव्हा २७ टक्के शिल्लक, वागळे चाळीस किलोमीटर. रिकाम्या गाडीलाही तेवढ्यात पस्तीस-छत्तीसच मिळाले असते, आणि तसं ताणूनही कोणी बघू नये, बॅटरी खाली गेली की गाडी स्वतःच पॉवर कमी करते आणि हायवेवर मागून कंटेनर येत असताना वीसच्या स्पीडने चालणं धोक्याचं. ॲपमध्ये जवळचा चार्जर दिसला एका मॉलमध्ये. गेलो. चार्जर बेसमेंटमध्ये, आणि बेसमेंटच्या तोंडावर उंचीची दांडी. हौद्याला बांधलेली बॉडी त्या दांडीपेक्षा वीतभर उंच. वॉचमनने तर दांडीपर्यंतही येऊ दिलं नाही, टेम्पो मागच्या गेटने, मागच्या गेटला चार्जर नाही. तो माणूस वाईट नव्हता, उलट त्याने पाणी दिलं, पण त्याला जे सांगितलंय ते तो करणार.

ॲपवर हिरवा ठिपका दिसतो तेव्हा तो कारसाठी आहे की टेम्पोसाठी हे कळतच नाही. उंची किती चालेल, मोठी गाडी आत वळेल का, पार्किंगचे पैसे वेगळे का, गन (चार्जरच्या वायरचा प्लग) कुठली, यातलं एकही तिथे नीट लिहिलेलं नसतं. आणि गनचा विषय तर नीट समजून घ्यायला हवा. कारवाली फास्ट चार्जिंगची गन सीसीएस-२, आमच्या गाडीला ती बसते. पण बऱ्याच तीनचाकी मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांना ती बसतच नाही, त्यांचा व्होल्टेजच कमी असतो, त्यांना साधा १५ अँपचा पॉइंटच लागतो. म्हणजे हायवेवर कितीही मोठे चार्जर लावा, त्या तीनचाकीवाल्या दादाला त्याचा शून्य उपयोग.

शेवटी हायवेच्या एका पेट्रोल पंपावर ६० किलोवॅटचा चार्जर मिळाला. उघडी जागा, उंचीचा प्रश्न नाही, गाडी आरामात लागली. आता ६० किलोवॅट म्हटल्यावर कोणालाही वाटेल वीस मिनिटात फुल्ल. स्क्रीनवर आकडा आला ९. चार्जर कितीही मोठा असला तरी गाडी जेवढं मागेल तेवढंच तो देतो, आणि आमच्या गाडीची बॅटरी आणि वायरिंग एवढ्याच वेगाने घेऊ शकते. मागे एक कारवाले काका येऊन उभे, त्यांना रायगड किल्ल्यावर जायचं होतं, त्यांना वाटलं चार्जर बिघडलाय. मामांनी खाली उतरून त्यांना समजावलं, "काका, गाडीच एवढी घेते, अजून अर्धा तास लागेल, तुमची घाई असेल तर मी काढतो." काकांनी नको म्हणून सांगितलं आणि ते चहाला गेले. चाळीस मिनिटात २७ वरून ५२ वर आलो. टॅक्स धरून युनिटला वीस रुपये पडले, गाळ्यावर आम्हाला तेच युनिट अकरा-बाराला पडतं.

पैसे दिल्याचं दुःख नाही, फेऱ्याचं भाडं त्याच्या कितीतरी पट होतं. दुःख वेळेचं. त्याच दिवशी कळंबोलीच्या दुकानासमोर आम्ही सव्वा तास उभे होतो आणि मार्केटमध्ये पहाटेचे दोन तास. दोन्हीकडे साधा पॉइंट असता तर पंपावर जायची वेळच आली नसती.

गुरुवार : धो धो पाऊस

एकच भाडं, कोलशेतला. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी म्हणून कळव्याकडचं दुसरं भाडं मामांनी नाकारलं. बॅटरीला आयपी-६७ रेटिंग आहे, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाणार नाही अशी टेस्ट झालेली असते. पण ही टेस्ट बॅटरीची असते, त्या भरवशावर गाडी पाण्यात घालायची नसते. कनेक्टर आहेत, बेअरिंग आहेत, खाली झाकण उघडं पडलेलं गटार आहे.

दुपारी गाळ्यात बसून वायरिंग बघितलं. इलेक्ट्रिशियन दादाने जे सांगितलं ते प्रत्येक टेम्पोवाल्याने ऐकावं असं आहे. गिझरही १५ अँपच्या पॉइंटवर चालतो पण पंधरा मिनिटं, गाडी तशाच पॉइंटवरून सलग सात तास करंट घेते. त्यामुळे प्लग जरा जरी सैल असेल तर तिथे गरम होत होत प्लास्टिक वितळतं. आमच्या शेजारच्या गाळ्यातला एक्स्टेन्शन बोर्ड असाच काळा पडलेला मी हातात घेऊन बघितला, एका पिनच्या भोवती प्लास्टिक फुगून आत वळलेलं. एक्स्टेन्शन वापरायचंच नाही. चार्जिंगला वेगळी लाइन, चार स्क्वेअरची (म्हणजे चार चौरस मिलीमीटर जाडीची) वायर, इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून. पावसात अर्थिंग नसलेल्या पॉइंटला गाडी लावू नये. गाडी चार्जच घेत नसेल तर आधी अर्थिंग तपासायचं, बहुतेक गाड्या अर्थिंग मिळालं नाही की स्वतःच नकार देतात.

हिशेबही केला. सबमीटरवर जेवढे युनिट दिसतात त्यातले दहा-पंधरा टक्के चार्जरच्या उष्णतेत जातात, ते धरूनही किलोमीटरला आम्हाला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. जुनी डिझेलची गाडी लिटरला पंधरा-सोळा देते, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा रुपये. ऑइल, क्लच प्लेट वेगळं. परमिटमधून तर २०१८ पासून केंद्राने बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना सूटच दिलीय, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी म्हणजे धंद्याची इलेक्ट्रिक गाडी. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैशाचं मला पटलंय रे कधीच. मला सांग, पेणला नेऊ का?"

शुक्रवार : पेण

पेण म्हणजे गणपती. दरवर्षी ठाण्यातल्या दोन-तीन दुकानदारांच्या मूर्ती मामाच आणतात, आत्तापर्यंत नेहमी डिझेलच्या गाडीतून. जायचं हमरापूरला, पेणच्या अलीकडे, तिथे घराघरात कारखाने आहेत. वागळेपासून एका बाजूने ६५ किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊन १३०. कागदावर बघितलं तर घरी येता येता बॅटरी संपते.

मामांनी आदल्या दिवशी कारखानदारांना फोन केला होता. मूर्ती किती, पेंढा तयार आहे का हे सगळं झाल्यावर शेवटी विचारलं, "अण्णा, १५ अँपचा पॉइंट आहे का हो तुमच्याकडे, अर्थिंगवाला?" अण्णा म्हणाले कंप्रेसरचा आहे, या.

सकाळी रिकामी गाडी, चाळीस-पंचेचाळीसचा स्पीड, ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, पळस्पे फाट्यावरून गोवा हायवे. कर्नाळ्याच्या चढाला पट्टी वर गेली आणि पलीकडच्या उताराला मामांनी पाय उचलून ब्रेकला हात न लावता गाडी खाली आणली, एक टक्का परत आला. हमरापूरला पोचलो तेव्हा ५२ टक्के, अगदी हिशेबाप्रमाणे.

अंगणात सगळीकडे मूर्ती, काही पांढऱ्या, काहींचे पीतांबर रंगून झालेले, एका कोपऱ्यात आखणी चालू. डोळ्यांची आखणी करणारी ताई मान वर करून बघेना, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ब्रश फिरवत होती, आम्ही गप्प बाजूने गेलो. गाडी पॉइंटजवळ लावली. अण्णांचा मुलगा म्हणाला इथे नको, कंप्रेसर चालू झाला की दोन्ही मिळून ट्रिप होईल, मागे विहिरीच्या पंपाची वेगळी लाइन आहे, तिथे लावा. हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. टेस्टरने अर्थिंग बघितलं, लावलं, डॅशबोर्डवर पावणेतीन-तीन किलोवॅट दिसायला लागलं. आणि मग घाई कसलीच नाही, कारण मूर्ती भरायला वेळ लागतोच. खाली पेंढा, त्यावर गोण्या, प्रत्येक मूर्तीच्या हाताभोवती फोम, मोठ्या मूर्ती केबिनच्या पाठीला टेकवून, मधल्या फटीत परत पेंढा. शाडूच्या मूर्ती वेगळ्या, त्या जड आणि ठिसूळ, त्या सगळ्यात शेवटी आणि हौद्याच्या मध्यभागी, मागच्या चाकांच्या पुढे, कारण तिथे दणका कमी. जेवण झालं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. अडीच तासात ५२ चे ८६ झाले, साडेसात-आठ युनिट. अण्णा पैसे घेईनात. मामांनी शंभराची नोट त्यांच्या मुलाच्या खिशात घातली, "लाईटीचे आहेत, पुढच्या वर्षी पण लावायचीय मला."

येताना तीस-पस्तीसनेच आलो. मूर्ती असल्या की तसंच यावं लागतं, आणि हाच वेग या गाडीला मानवतो. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे. डिझेलच्या टेम्पोत उभ्या गाडीतही हौदा थरथरत असतो, सिग्नलला सुटताना क्लचचा एक हलका का होईना झटका बसतो, आणि मामांचं सगळं लक्ष त्या झटक्याकडे असायचं. इथे गाडी पाण्यात होडी सरकावी तशी सुटते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. कळंबोलीच्या सिग्नलला गाडी थांबली, मागे वळून काचेतून बघितलं आणि म्हणाले, "एकाचीही सोंड हलली नाही बघ."

वागळेला ३४ टक्के घेऊन पोचलो. मूर्ती उतरवताना दुकानदाराने प्रत्येक हात, प्रत्येक बोट तपासलं, सगळं शाबूत.

शनिवार : फोन

भाडं नव्हतं. मामा सकाळी माझी वही घेऊन बसले आणि तिसरा रकाना बघत बसले. रबाळे दीड तास, भिवंडी तीन, मार्केट दोन, कळंबोली सव्वा, पेण अडीच. मी म्हटलं मामा, मोठ्या बॅटरीची गाडी बघूया का, महाग आहे पण रेंज जास्त. म्हणाले, "मोठी बॅटरी म्हणजे तेवढं वजन कायमचं उचलून फिरायचं आणि माल कमी भरायचा. ही पुरते. उभी राहते तिथे लाईट मिळाली पाहिजे बस."

मला पण आता हेच वाटतं आणि अगदी मनापासून वाटतं. मालाच्या गाड्यांसाठी हायवेवर अजून फास्ट चार्जर येऊ देत, वाईट काहीच नाही, पण त्याच्या एका मशीनच्या पैशात एमआयडीसीतल्या आणि गोडाऊनच्या किती गेटवर साधे १५ अँपचे मीटरवाले पॉइंट लागतील याचा कोणीतरी विचार करायला हवा. महावितरण चार्जिंगसाठी वेगळं मीटर वेगळ्या दराने देतं. भिवंडीत वितरण २००७ पासून आणि कळवा-मुंब्रा-शीळला २०२० पासून टोरंट पॉवरकडे आहे, तिकडच्या गोडाऊनवाल्यांनी त्यांच्याकडे चौकशी करायची. फोर्कलिफ्टच्या शेजारी अजून एक सॉकेट आणि एक सबमीटर, बाकी काही लागत नाही.

मामांनी भिवंडीच्या त्याच सुपरवायझरला फोन लावला आणि सरळ मालकाचा नंबर मागितला. मालकांशी दहा मिनिटं बोलणं झालं. सबमीटर, एमसीबी आणि वायरचा खर्च आमचा, युनिटला तेरा रुपये, दर महिन्याला रीडिंगचा फोटो टाकायचा, दुसरी कुठली इलेक्ट्रिक गाडी आली तर तिलाही लावू द्यायचं. शेवटची अट मामांनीच घातली. आठवड्यात एकदा गाडी फुल्ल १०० करायची असते, नाहीतर एलएफपी बॅटरीचे टक्के चुकीचे दाखवायला लागते, त्यासाठी रविवारी रात्री गाळ्याचा पॉइंट ठेवायचा आणि मंगळवार-शुक्रवार भिवंडीला भरायची असं ठरलं. इलेक्ट्रिशियन दादा सोमवारी चार स्क्वेअरची वायर घेऊन येतोय. दुसऱ्या गाडीचं बुकिंग पॉइंट लागल्यावर, असं मामींना सांगून झालंय.